मसूर पाणी पीत नाही

तबेल्यात पाच घोडे होते, एक खेचर आणि सहा बादल्या. बादल्यांपैकी चार रबरी, दोन लोखंडी. लोखंडी बादल्यांतलं पाणी तळापर्यंत गोठलं होतं. रबरी बादल्यांत वर चार बोटं बर्फ आणि खाली पाणी. कुऱ्हाडीच्या दांड्यानं एकेक बादली फोडत मी शेवटच्या खणापाशी आले. तिथली बादली मसूरची. आदल्या संध्याकाळी मी तिच्या आतल्या बाजूला खडूनं रेघ ओढून ठेवली होती. पाणी कमी झालं नव्हतं. उलट बर्फ फुगल्यामुळं रेघेच्या वर अर्धं बोट चढलं होतं.

“नाना, मसूरनं आजही पाण्याला तोंड लावलेलं नाही,” मी म्हणाले.

नाना दाराशी बसून उंब्रजच्या खुरात अडकलेला बर्फाचा गोळा आकडीनं उकरत होते. नाकापर्यंत गुंडाळलेल्या मफलरच्या आतून ते काहीतरी बोलले. ते ‘बघतो’ होतं, ‘बरं’ होतं की नुसता खोकला होता, ते कळलं नाही. थंडीची लाट आल्यापासून नाना असंच बोलत होते.

नावांचा खुलासा आधी करायला हवा. माझे चुलते हिंदुराव जगदाळे लष्कराच्या घोडे-खेचरांच्या तुकडीतून दफेदार म्हणून निवृत्त झाले, आणि साताऱ्याला परत न येता लाहौलमध्ये रुमसांग नावाच्या गावात राहिले, कारण काकी तिथली. उन्हाळ्यात डोंगर चढायला येणाऱ्यांना घोडे भाड्यानं द्यायचे, हा त्यांचा धंदा. गाव सुटल्याची हळहळ त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. त्यांनी फक्त प्रत्येक घोड्याला सातारा जिल्ह्यातल्या एकेका गावाचं नाव देऊन टाकलं. वाठार, उंब्रज, औंध, रहिमतपूर आणि मसूर. त्यामुळं त्या घरात ‘रहिमतपूरला जुलाब झालेत’ किंवा ‘वाठारच्या अंगावरची झूल वाळत घाल’ असं रोज कानावर पडायचं. खेचराचं नाव पुणे. त्याला जागचं हलवणं कुणालाही जमत नसे, आणि आपल्याला सगळं आधीपासून माहीत आहे असा भाव त्याच्या चेहऱ्यावर कायम असे.

मी तेव्हा नुकतीच पदार्थविज्ञानात बी.एस्सी. झाले होते. एम.एस्सी.ला अजून अवकाश होता, नानांचा नेपाळी मदतनीस लग्नासाठी घरी गेला होता, आणि मला बर्फ बघायचा होता. दरवर्षी नाना नोव्हेंबरात घोडे रोहतांगची खिंड ओलांडून कुलूच्या बाजूला गवतात उतरवत. तेव्हा बोगदा नव्हता. खिंड बंद झाली की लाहौलचं दार उन्हाळ्यापर्यंत लागलं. त्या वर्षी औंधच्या खुरात पू झाला, निघायला उशीर झाला, आणि बर्फ लवकर पडला. घोडे अडकले, आणि त्यांच्याबरोबर मीही.

तबेला घराच्या खालच्या मजल्यावर होता आणि तो उन्हाळ्यापुरता बांधलेला होता. हिवाळ्यात तिथं काहीच सरळ होत नसे. लीद दगड होऊन बसायची. फावडं चालायचं नाही, पहार घ्यावी लागायची. दाराची कडी बोटांना चिकटायची. नळ पहिल्याच आठवड्यात फुटला, मग ओढ्याचा बर्फ फोडून पाणी आणायचं आणि घरी येईतो त्याचा पुन्हा बर्फ होताना बघायचं. घोड्यांना बांधून बांधून कंटाळा आला होता. वाठार खांब कुरतडत होता. रहिमतपूरनं औंधची शेपटी निम्मी खाल्ली होती. पुणे ओठांनी कडी उघडून जिना चढायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. तिथून त्याला खाली उतरवायला आम्हा तिघांना अर्धी दुपार लागायची. घोडे अंगणात सोडले तर त्यांच्या खुरांत बर्फाचे गोळे जमत आणि ते उंच टाचांच्या चपला घातल्यासारखे लटपटत. त्यावर नानांचा उपाय होता, खुरांना आतून लोणी चोळायचं. काकीचं म्हणणं होतं की लोणी माणसांसाठी असतं.

“माणसं काय बर्फात नाचत्यात व्हय?” नाना म्हणायचे.

“मग घोडी तरी कशापायी नाचवताय?” काकी म्हणायची.

काकीचं नाव पलमो. लग्नानंतर नानांची बदली लांब झाली तेव्हा ती दोन वर्षं आमच्या गावी सासूजवळ राहिली आणि शेतावरच्या बायकांकडून मराठी शिकली. त्यामुळं लाहौलची ही बाई माझ्या आईपेक्षा ठसक्यात बोलायची.

मसूर गाभण होती. उन्हाळा लागता लागता विणार होती. तिची आई ती लहान असताना मेली, म्हणून नानांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. घसरून पडेल या भीतीनं तिला अंगणात सोडत नव्हतो. बाकीचे घोडे बाहेर बर्फ चाटून तहान भागवत आणि आत येऊन दोन घोट पाणीही पीत, नाखुशीनं का होईना. मसूरला बादलीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि बादलीवर ती तोंड न्यायची, श्वास सोडायची, ओठ टेकवायची आणि मान वर करून उभी राहायची. जणू पुढचं कुणीतरी सांगायचं राहिलंय. तिची लीद आधी कमी झाली, मग सुकून लिंबाएवढे कडक गोळे पडू लागले, आणि आदल्या सकाळपासून तेही बंद झाले होते.

गावात फोन एकच, शाळेत. मी गुडघाभर बर्फातून तिथं गेले आणि तालुक्याच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. मधला रस्ता हिमकडा कोसळून बंद होता, त्यामुळं ते येऊ शकत नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुका चारा आणि पाणी नाही, म्हणजे आतडं भरून बसणार, म्हणाले. एकदा घट्ट बसलं की घोडी लोळायला लागते, आणि मग घोडी आणि पोटातलं शिंगरू, दोन्ही जातात. एका दिवसात निदान पंचवीस लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. शेवटी म्हणाले, लीद पडली की फोन करा. पडली नाही तरी करा.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा नाना मसूरच्या मानेवर हात ठेवून उभे होते. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि मफलर आणखी वर ओढला.

मी कामाला लागले. माझ्याकडं प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर होता. थंडी मोजायला म्हणून साताऱ्याच्या दुकानातून आणून मोज्यात गुंडाळून ठेवलेला. मी विचार असा केला की शून्य अंशाचं पाणी कुणालाच आवडणार नाही. काकीनं बुखारीवर, म्हणजे लाकडं घालायच्या त्या पत्र्याच्या शेगडीवर, पाणी तापवलं. मी दहा अंशांचं पाणी दिलं, मग वीस, मग तीस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, हे आमच्या सरांनी तीन वर्षं घोकून घेतलं होतं. मसूरनं तिन्ही बादल्यांवर श्वास सोडला, मिशा भिजवल्या आणि मान वर केली. मग मी बादली बदलली. मग चंदीच्या दाण्यात मीठ वाढवलं. मग पाण्यात गूळ घातला. ती बादली पुणेनं दोरी ताणून गाठली आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवली. मग मसूरची जागा बदलली, मग तोंड दाराकडं केलं, मग भिंतीकडं.

नाना दर वेळी स्वतः बादली तिच्यापुढं ठेवत आणि वाकून वाट बघत. दर वेळी काही घडलं नाही की माझ्या हातातल्या थर्मामीटरकडं बघत.

“त्या काचंच्या काडीला बिथरलीया ती,” ते एकदा म्हणाले. मफलरच्या आतून एवढं एक वाक्य नीट बाहेर आलं.

“नाना, काडी यायच्या आधीपासून ती पीत नाहीये.”

“मग तुला बिथरली आसंल.”

काकी म्हणाली, पोरीला बोलू नका, ती निदान काहीतरी करतीया. तुम्ही चार दिवस भाकरीसुद्धा धड खाईना, नुसती पेज पिताय, घोडी तुमचंच बघून उपाशी राहिलीया. नाना जिना चढून वर गेले. मला वाटलं मसूरच्या काळजीनं त्यांचं जेवण गेलंय, आणि मला त्यांची दया आली. काकी मात्र त्यांच्या पाठीकडं बघून गालातल्या गालात हसत होती. त्याचा अर्थ मला लागला नाही.

दुपार झाली. मसूरनं एकदा मागं वळून स्वतःच्या पोटाकडं पाहिलं आणि पुढचा पाय जमिनीवर खरवडला. डॉक्टरांनी सांगितलेल्या लक्षणांत हे पहिलं होतं. मी नवी बादली, पंचवीस अंश, तिच्यापुढं ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. माझ्याजवळ बदलण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.

तबेल्याच्या बरोबर वर स्वयंपाकघर होतं. मध्ये नुसत्या फळ्या. थंडीची लाट आल्यापासून पहिल्यांदाच काकीनं वर कुकर काढून राजमा लावला होता. कुकरची शिट्टी झाली.

मसूरचे दोन्ही कान वर गेले. मान खाली आली, ओठ पाण्यात गेले, आणि तिच्या गळ्याच्या खालच्या बाजूनं एक गाठ पोटाकडं सरकताना मी पाहिली. मग दुसरी. तिसरी. चौथी. शिट्टी थांबली. मसूरनं मान वर केली. ओठांतून पाणी ठिबकत होतं.

मी उठले नाही, श्वासही सोडला नाही. थोड्या वेळानं दुसरी शिट्टी झाली. पुन्हा चार घोट.

“काकी,” मी वर तोंड करून ओरडले, “आणखी एक शिट्टी काढ.”

“झाला की राजमा,” फळ्यांमधून आवाज आला. “आता लगदा व्हईल.”

“होऊ दे.”

दरम्यान मी बादलीवर काठी वाजवून पाहिली, साखळी खुळखुळवली, टाळ्या वाजवल्या, मसूरला नावानं हाक मारली. काही नाही. वर शिट्टी झाली, आणि घोट पोटात गेले. इतका स्वच्छ निकाल मला तीन वर्षांत एकाही प्रात्यक्षिकात मिळाला नव्हता.

काकी आणि नाना दोघं खाली आले. मी त्यांना सांगितलं तेव्हा काकीनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मग आम्ही स्टोव्ह खाली आणला, कुकरमध्ये नुसतं पाणी घातलं आणि तो मसूरच्या खणासमोर ठेवला. तबेल्यात पाच घोडे, एक खेचर, तीन माणसं, आणि सगळ्यांचं लक्ष एका कुकरवर. शिट्टी झाली. मसूर प्यायली. काकीनं तोंडाला पदर लावला. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. चौथी मात्र होईचना. राजम्याची साल शिट्टीत अडकली होती. मी ‘मागं सरका’ म्हणेपर्यंत व्हॉल्व्ह उडाला आणि वाफेचा लोट छताला जाऊन भिडला. वाठारनं खांब सोडला, रहिमतपूर दोन पायांवर उभा राहिला. पुणे जागचं हललं नाही.

आता नवा व्हॉल्व्ह खिंड उघडल्यावरच मिळणार होता. बादलीत पाणी रेघेच्या खाली जेमतेम तीन लिटर उतरलं होतं. हवे होते पंचवीस.

“शिट्टी आणि पाणी,” मी म्हणाले. “हिला हे कुणीतरी शिकवलंय. नाना, पाणी पाजताना तुम्ही शीळ घालता का?”

“म्या?” नाना म्हणाले. “छ्या. कवाच न्हाय.”

काकी कुकरचं झाकण हातात धरून त्यांच्याकडं बघतच राहिली.

“घालता की,” ती म्हणाली. “बादली खाली ठिवली की सुरू. बारीक. ना सूर ना ताल. लगीन झाल्यापासनं ऐकतीया.”

“मला कसं ठाव न्हाय मग?”

“घोरता त्ये तरी कुठं ठाव हाय तुमास्नी?”

 लष्करात रंगरूट असताना नानांच्या उस्तादानं लावलेली ही सवय, हे त्यांना पुढं कधीतरी आठवलं. घोडं पाण्यावर आणलं की हलकी शीळ घालायची, म्हणजे ते निवांत होऊन पितं. इतकी वर्षं ते करत होते, आणि श्वास घेतो ते जसं आपल्याला कळत नाही तसं ते त्यांना कळत नव्हतं. पण त्या क्षणी माझ्यापुढं वेगळाच प्रश्न होता.

“मग आत्ता का घालत नाही?” मी विचारलं.

नानांनी भिंतीकडं पाहिलं. मग छताकडं. मग त्यांनी मफलर हनुवटीपर्यंत खाली ओढला. त्यांचा वरचा ओठ आत गेला होता. तोंडात वरच्या बाजूला, समोर, एकही दात नव्हता.

“कवळी हुती,” नाना म्हणाले. “रात्री गलासात ठिवलेली. सकाळी बघतो तर गलासाचा दगुड. म्हटलं जरा उबवावा, म्हणून बुखारीवर ठिवला आन हिकडं लीद काढाया आलो. यीस्तवर पाणी आटून ग्येलं.”

काकीनं कनवटीतून कागदाची पुडी काढली. आतली गुलाबी वस्तू तळलेल्या पापडासारखी वाकडी झाली होती आणि तिला एका कडेला तीन दात होते.

“हे अॅक्रिलिक असतं,” मी ती हातात घेऊन म्हणाले. “शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं.”

“आता सांगतीस व्हय,” नाना म्हणाले. “आन तुझ्या बापाला यातलं काय कळू दिऊ नगंस. त्याला वाटतंय माझं समदं दात आपलं हायत. ह्या पुण्यानं लाथ मारल्याली मी कुणाला सांगितली न्हाय.”

ते मसूरपुढं वाकले, ओठांचा चंबू केला आणि फुंकलं. नुसती हवा आली. मसूरनं कान त्यांच्याकडं वळवले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. त्यांनी पुन्हा फुंकलं, बोटांनी गाल दाबून पाहिले, ओठ ओढून पाहिले. फुस्स. मग मी पुढं झाले. शीळ कशी तयार होते हे मला पाठ होतं. तोंडाची पोकळी, ओठांतलं छिद्र, हवेचा वेग. परीक्षेत यावर मला आठपैकी साडेसात गुण पडले होते. मसूरच्या नाकावर माझी थुंकी उडाली आणि ती शिंकली.

तिनं पुन्हा पोटाकडं वळून पाहिलं. ह्या वेळी मागचा पाय पोटाखाली मारला.

“शेजारून कुणाला बोलवू का?” मी म्हणाले. “शीळ घालणारं कुणीही चालेल.”

काकी कुकरचं झाकण खाली ठेवून हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत होती.

“मला येती,” ती म्हणाली.

नाना तिच्याकडं वळले. “तुला? काय येती?”

“शीळ. पण सासूबाईस्नी शबुद दिलाय.”

मग तिनं सांगितलं. लग्न होऊन आमच्या गावी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती परसात शेळ्या हाकताना शीळ घालत होती. आजीनं तिला आत बोलावलं, जवळ बसवलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, आमच्या घरात बाईमाणसानं शीळ घालायची नसते, घरातलं बरं जातं, शबुद दे. काकीनं दिला. साखर होती ना हातावर.

“आगं, आई जाऊन बारा वर्सं झाली,” नाना म्हणाले.

“त्या गेल्या. शबुद कुठं गेला?”

“काकी,” मी म्हणाले, “हे घर नाही. हा तबेला आहे.”

“त्योच इचार करतीया,” काकी म्हणाली आणि तिनं वर फळ्यांकडं पाहिलं. “पण छप्पर एकच हाय.”

 आजीचा शब्द मोडा असं त्या बाईला सांगायची ताकद माझ्यात नव्हती, आणि नानांच्यात तर मुळीच नव्हती. काकीनं डोक्याचा रुमाल घट्ट बांधला, दाराची कडी काढली आणि बाहेर गेली. वळचणीच्या पाण्यानं बर्फात एक सरळ चर पडला होता. छप्पर जिथं संपतं तिथं. काकी तो चर ओलांडून चार पावलं पुढं गेली, गुडघ्यापर्यंत बर्फात उभी राहिली आणि वळली.

“दार उघडं ठिवा,” ती म्हणाली. “आन घोडीवर झूल टाका, वारं लागंल.”

आम्ही मसूरवर तिची झूल टाकली, वाठारची टाकली, वर माझी रजई टाकली. नानांनी बादली उचलून तिच्यापुढं धरली.

काकीनं दोन बोटं जिभेखाली घातली नाहीत की काही नाही. नुसते ओठ जरा पुढं केले. ती शीळ उंचावर सुरू झाली आणि पायऱ्या उतरल्यासारखी सावकाश खाली आली. संपली असं वाटलं तेव्हा खालच्या सुरावर तशीच थांबून राहिली. तबेल्यातली सगळी तोंडं दाराकडं वळली. पुणेनंसुद्धा मान फिरवली. मसूरनं बादलीत नाक घातलं आणि मी घोट मोजायला लागले. बारा, तेरा. काकीनं श्वास घेतला, मसूर थांबली. काकीनं सुरुवात केली, मसूरनंही केली.

पहिली बादली संपली. मी दुसरी पुढं सरकवली. नाना रिकामी बादली तशीच हातात धरून उभे होते.

“ही शीळ मी ऐकल्याली हाय,” ते म्हणाले.

मला त्यांची ती गोष्ट माहीत होती. आमच्या घरात सगळ्यांनाच होती. तरुणपणी तुकडीबरोबर रुमसांगच्या उतारावरून जाताना त्यांचा घोडा मध्येच वाट सोडून ओढ्याकडं वळला, मान खाली घालून उभा राहिला, आणि टाच मारली तरी हलेना. तुकडी पुढं निघून गेली. नानांनी वैतागून वर पाहिलं तर समोर काकी. घोड्याला आधी कळलं, मग मला, असं ते प्रत्येक लग्नात सांगायचे. घोडं म्हणजे देवाचा माणूस, असं म्हणून शेवट करायचे.

“पलमे,” नाना दाराशी जाऊन म्हणाले, “त्या दिशी वढ्यावर तू शीळ घालत हुतीस?”

काकीनं सूर पुरा केला, मग श्वास घेतला.

“मेंढरं पाण्यावर बोलवत हुते,” ती म्हणाली. “तुमचं घोडं मधीच आलं.”

“मला सांगितलं न्हाईस कवा.”

“तुमी गोष्ट लई ग्वाड सांगता. कशाला मोडा?” आणि तिनं पुन्हा ओठ पुढं केले.

नाना तिथंच उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढली, बर्फात उतरले आणि काकीच्या खांद्यांवर टाकली. परत आत मात्र आले नाहीत. छपराच्या बाहेर, तिच्या शेजारी, बिनदाताच्या तोंडानं हसत उभे राहिले. काकीला त्यामुळं हसू यायला लागलं, शीळ तुटायला लागली, आणि मसूर मान वर करून दोघांकडं तक्रारीनं बघायला लागली. शेवटी मला नानांना आत बोलवावं लागलं.

उजेड होता तोवर काकी तिथं उभी होती, मधूनमधून शेकायला आत येत आणि पुन्हा चर ओलांडून जात. ती आत असेतो मसूर पाण्याकडं बघतसुद्धा नव्हती. बादल्यांवरच्या रेघा मी दोनदा तपासल्या: अठ्ठावीस लिटर, आधीचे तीन धरून. रात्री आम्ही तो लगदा झालेला राजमा खाल्ला. नाना म्हणाले, इतका चांगला राजमा ह्या घरात कधी झाला नव्हता. चावायचं काम नव्हतं.

पण पाणी पोटात गेलं म्हणजे झालं असं नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं. डॉक्टरांनी पाण्यासाठी फोन करायला सांगितला नव्हता.

सकाळी मी खाली आले तेव्हा नाना मसूरच्या खणात आधीच उकिडवे बसले होते आणि काकी कंदील धरून त्यांच्या मागं उभी होती. दोघं जमिनीकडं बघत होते. मी जवळ गेले. मसूर गवत चघळत होती. तिच्या मागं पेंढ्यावर एक ढीग पडला होता, हिरवट, ओलसर, आणि त्यातून वाफ वर चालली होती.

“हात लावू नका,” मी म्हणाले आणि डॉक्टरांना फोनवर नेमका आकडा सांगता यावा म्हणून वरून ताणकाटा आणला.

लीद पिशवीत भरून नानांनी काटा वर धरला, काकीनं कंदील जवळ आणला, आणि मी आकडा वाचला. पिशवीचं वजन वजा जाता दोन किलो चारशे ग्रॅम.